तिले हासू नाई आलं का?

१९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजी ‘श्यामची आई’ लिहीत होते. ९ तारखेला लेखन सुरू झाले आणि १३ तारखेला संपले. अवघ्या पाच दिवसांत लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास, नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या, साठी ओलांडलेल्या एक बाई आपल्या आयुष्याच्या आठवणी लिहीत होत्या. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४चा, आणि पुढचे भाग १९३६पर्यंत आले. म्हणजे दोन-तीन वर्षांच्या अंतरात मराठीत आईची दोन मोठी पुस्तके निघाली. एक मुलाने आईबद्दल लिहिलेले, दुसरे आईने स्वतःच लिहिलेले. दोन्ही गाजली, दोन्ही अजून छापली जातात. तरीही ‘आई’ हा शब्द उच्चारला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्या पुस्तकातली आई उभी राहते आणि त्याच क्षणी डोळे ओले होतात. दुसऱ्या पुस्तकातली आई हसवते. तिला आपण आई म्हणून ओळखतच नाही. ‘रेव्हरंड टिळकांची पत्नी’ म्हणून ओळखतो.

हे असे का झाले, आणि त्यात आपण काय गमावले, हा माझ्या या लेखाचा विषय आहे. प्रश्न निव्वळ वाङ्मयीन असता तर मी तो दिवाळी अंकापर्यंत ओढून आणला नसता. मी यवतमाळ जिल्ह्यात, वणीला राहते. आमच्या जिल्ह्याची आई गेली पंचवीसेक वर्षे वर्तमानपत्रांत एकाच रूपात छापून येते आहे. मातीच्या भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर नवऱ्याचा हार घातलेला फोटो, बाजूला दोन पोरे. छायाचित्रकार येतो, तिला फोटोची चौकट हातात धरायला लावतो आणि जातो. चौकटीतला माणूस गेला हे खरे, तिचे दुःखही खरे. पण त्या छायाचित्रानंतरच्या हजारो दिवसांत ती कधीतरी पोरांवर खेकसली असेल, कधी पोट धरून हसलीही असेल. ती आई आम्हाला कुणी दाखवत नाही. ‘श्यामची आई’ वाचून घडलेल्या डोळ्यांना ती दिसत नसावी, असा माझा संशय आहे.

साने गुरुजींवर यात काही ठपका ठेवायचा नाही. त्यांची आई १९१७ साली गेली आणि शेवटच्या घटकेला मुलगा जवळ नव्हता. पुस्तकातल्या श्यामचेही तसेच होते. ते रडू प्रामाणिक आहे आणि म्हणूनच ते नव्वद वर्षे टिकले. पण लिहिणारा मुलगा आहे, हे वाचताना विसरून चालत नाही. मुलाला आईची जी आठवण येते ती ऋणाची असते. आईने काय शिकवले, काय सोसले, आपण कुठे कमी पडलो. या हिशेबात आईच्या हसण्याला खाते नाही. ते पोहण्याचे प्रकरण घ्या. श्याम पाण्याला भिऊन माळ्यावर लपतो. आई त्याला शोधून काढते, शिमटीने झोडपते आणि विहिरीकडे पाठवते. तो पोहून येतो, मग आई त्याच्या वळांकडे पाहून कळवळते आणि त्याला दही देते. प्रसंग विलक्षण जमला आहे. पण तो सांगितला आहे वळ उठलेल्या पोराने.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत कुरडयांचा घाट घातलेला होता. पाच-सहा जणी सोऱ्या घेऊन बसलेल्या, आणि मी चीक ढवळण्याच्या कामी निरुपयोगी म्हणून मला वाचायला बसवले होते. मी हे प्रकरण वाचले. वातावरण गंभीर झाले. एकीने पदराने नाक पुसले. तेवढ्यात सगळ्यांत वयस्कर असलेल्या काकूंनी सोऱ्या खाली ठेवून विचारले, “पोट्टं माळ्यावर दडलं, मायनं शिमटीनं हानलं, हे समजलं. पन तिले हासू नाई आलं का वो बाई? एवढं मोठं घोडं माळ्यावर दडून बसलं म्हंतल्यावर?” आणि मग प्रत्येकीला आपापले पोर आठवले. एकाने शाळेच्या भीतीने कणगीत बसकण मारली होती. दुसरा इंजेक्शनच्या धाकाने एसटीत बसून राजूरपर्यंत पोचला होता. काकूंचा प्रश्न मी तेव्हापासून डोक्यात घेऊन फिरते आहे. गेल्या कित्येक वर्षांत ‘श्यामची आई’वर इतका नेमका समीक्षात्मक प्रश्न मी कुठे वाचलेला नाही. हे प्रकरण यशोदाबाईंनी सांगितले असते तर त्यात मार राहिला असता, कळवळाही राहिला असता, पण माळ्यावरचे ते घोडेही आले असते.

आता ‘स्मृतिचित्रे’कडे. मनकर्णिका गोखले अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न होऊन लक्ष्मी टिळक झाली. नवरा कवी, बुद्धिमान, शीघ्रकोपी आणि घरात आलेला पैसा दुसऱ्याच्या हातावर ठेवून मोकळा होणारा. १८९५मध्ये त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढची जवळजवळ पाच वर्षे लक्ष्मीबाई नवऱ्यापासून दूर, लहान दत्तूला घेऊन, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. मग त्या परत आल्या आणि काही काळाने स्वतःही ख्रिस्ती झाल्या. दुष्काळ, प्लेग, अनाथ पोरे, सतत बदलणारे बिऱ्हाड असा पुढचा संसार. १९१९मध्ये टिळक गेले. हा सांगाडा एखाद्या कादंबरीकाराच्या हाती दिला असता तर त्याने वाचकाला पानोपानी रडवले असते. लक्ष्मीबाईंच्या हाती तो मराठीतल्या सर्वांत हसऱ्या पुस्तकांपैकी एक झाला.

हे कसे घडते ते जरा बारकाईने पाहायला हवे, कारण आपल्या समीक्षेने ते पाहिलेलेच नाही. लक्ष्मीबाईंचे वाक्य आखूड असते. विशेषणे जवळजवळ नसतातच. ‘टिळक’ हा कर्ता, एक क्रियापद, संपले. टिळकांनी काय केले ते त्या सांगतात. त्यावर आपल्याला काय वाटले ते सांगायला त्या थांबत नाहीत, पुढच्या वाक्यात चूल, पोर, पाहुणा, उधारी येते. पहिल्या वाक्यातली उंच कल्पना आणि दुसऱ्या वाक्यातली रिकामी डबी यांच्यामधल्या पोकळीत हसू जन्म घेते. विनोदी लेखक ज्याला टायमिंग म्हणतात ते हेच. बाईंना ते स्वयंपाकघरात जमले होते. दूध उतू जाण्याआधी पातेले उतरवणाऱ्या हाताला वेळेचे भान कुणी शिकवावे लागत नाही.

दुसरे असे की, त्या स्वतःला वगळत नाहीत. वडिलांचे सोवळे त्यांनी ज्या मजेने रंगवले आहे ते सर्वांना आठवते. बाहेरची वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही, या हट्टापायी सबंध घर कसे वेठीला धरले जाई, ते वाचताना हसू आवरत नाही. पण तेच सोवळे पुढे त्यांच्या अंगी आले आहे. ख्रिस्ती नवऱ्याकडे परतल्यावरही त्यांनी आपली चूल आणि आपले पाणी वेगळे ठेवले. तो काळही त्या तशाच मजेत सांगतात. वडिलांना हसणारी लेखणी स्वतःकडे वळते तेव्हा ती बोथट होत नाही. जातीचा पीळ आपल्या मनातून कसा सुटला हे सांगायला दुसऱ्या कुणी प्रवचन दिले असते. लक्ष्मीबाईंनी आपल्याच वेडेपणाची गोष्ट सांगितली. मराठीतल्या जातिविषयक लेखनात हा सूर फार दुर्मिळ आहे. बहुतेकांनी एकतर आरोप केला आहे किंवा पश्चात्ताप. आपल्या शिवाशिवीकडे पाहून हसणारी माणसे मला बोटांवर मोजता येतील इतकीच भेटली.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे या पुस्तकातले आईपण. ते एका दत्तूपुरते नाही. टिळकांना वाटेत जे पोर भेटे ते घरी येई. दुष्काळातली अनाथ मुले आली. १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनाने टिळकांच्या नजरेत भरलेला त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा मुलगाही पुढे नगरला त्यांच्या घरी येऊन राहिला. मराठी कविता त्याला बालकवी म्हणते आणि त्याच्या उदासपणावर प्रबंध लिहिते. लक्ष्मीबाईंच्या पानांवर तो ठोमरे आहे. रुसणारा, हट्ट धरणारा, चिडवल्यावर चिडणारा आणि बाईंना उलट चिडवणारा. १९१८मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली तो गेला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. हे वाचकाला ठाऊक असते, लिहिणाऱ्या बाईंना तर असतेच. म्हणून त्या थट्टेच्या ओळी वाचताना घसा दाटून येतो. निसर्गकवी बालकवीला आपण सर्वांनी वाचले आहे. आपल्या घरात जेवायला बसलेला, भाजीवरून तोंड वाकडे करणारा कवी मात्र एका आईसारख्या बाईनेच पाहून ठेवला. माझ्या मते बालकवींवरचा सर्वांत चांगला लेख म्हणजे ‘स्मृतिचित्रे’तली ही पाने. समीक्षकांनी ती संदर्भापुरती वापरली आहेत.

नवऱ्यापासून दूर काढलेल्या वर्षांच्या पानांवर हा विनोद पातळ होतो, हे मान्य करायला हवे. त्या काळात त्या मरणाच्या दारापर्यंत गेल्या होत्या आणि ते त्यांनी लपवलेले नाही. पण तिथेही हसू पुरते विझत नाही. शेगडीतल्या राखेखाली निखारा असावा तसे ते असते.

या सगळ्याला आपल्या समीक्षेने नाव काय दिले? साधेपणा. प्रांजळपणा. निरागसता. फार तर ‘घरगुती गोडवा’. शिकवताना मीही हे शब्द नोट्समधून वर्षानुवर्षे ऐकत आले. मराठी विनोदाचा इतिहास सांगताना आपण श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून सुरुवात करतो. (ते आमच्या वऱ्हाडातले, जळगाव-जामोदला वकिली करणारे, याचा आम्हाला अभिमान आहे.) मग गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. लक्ष्मीबाई या रांगेत नसतात. त्यांची जागा आत्मचरित्राच्या प्रकरणात, बायकांच्या विभागात. कोल्हटकरांनी कोटी केली की ती बुद्धी, आणि बाईने केली की तो तिच्या नकळत घडलेला भाबडेपणा! ज्या बाईने नवरा गेल्यावर त्याचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ स्वतः ओव्या रचून पुढे नेले, त्याचे बहुतांश अध्याय स्वतः लिहिले, तिला आपण काय लिहितो हे कळत नव्हते असे मानायचे? इंग्रजीने तर कडीच केली. जोसेफिन इंक्स्टर यांनी केलेले भाषांतर १९५० साली निघाले, त्याचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. मी मागून चालले. मागून चालणारी बाई पुढच्याच्या चालीची नक्कल करत, डोळे मिचकावत येते आहे, हे त्या नावात कुठेच नाही. शांता गोखले यांनी २०१७मध्ये केलेल्या नव्या भाषांतराने मूळ नावच ठेवले, ते बरे झाले.

रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१०मध्ये आले होते. ते मोठे पुस्तक आहे, पण त्यात नवऱ्याला हसता येत नाही, कारण नवरा गुरू आहे. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला गुरू मानले आणि त्याच पानावर त्याला हसूनही घेतले. दोन पुस्तकांत चोवीस वर्षांचे अंतर आहे. मला ते त्याहून मोठे वाटते.

इथे कुणी विचारील की बायकांचा विनोद मराठीला लक्ष्मीबाईंनीच का शिकवावा, तो जात्यावर आणि अंगणात होताच की! होता. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. भुलाबाई, भुलोजी आणि मांडीवर गणोबा. म्हणजे बाळ घेऊन माहेरी आलेली पार्वतीच ती. वणीच्या जुन्या वस्तीत अजून चार घरी मुली टिपऱ्या घेऊन जमतात, गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. त्या गाण्यांत सासरची जी काही खिल्ली उडवलेली असते ती ऐकून सासूबाई मनात काय म्हणत असतील देव जाणे. हेमा रायरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतही नणंद, दीर, सावकार यांना चिमटे भरपूर आहेत.

पण एक गोष्ट मला या गाण्यांत सलग दिसते. टिंगल होते ती सासूची, नणंदेची, फार तर नवऱ्याची. मुलगा मात्र सुटतो. ओवीत बाळ आले की ते रामासारखे, चंद्रासारखे, वाघासारखे होते. जात्यावर बसलेल्या बाईला म्हातारपणी तोच एक आधार असणार होता. त्याला हसणे तिला परवडण्यासारखे नव्हते. स्वतःला हसणे तर त्याहूनही नाही. त्यामुळे लक्ष्मीबाई या परंपरेतून आल्या असल्या तरी त्यांनी एक पाऊल नवे टाकले. त्यांनी आपल्या माणसांना आणि स्वतःला हसण्याच्या कक्षेत आणले. त्यासाठी लिहिता येणे गरजेचे होते का? मला वाटते होते. ओवी चारचौघींत म्हणायची असते. कागद मात्र एकान्तात ऐकून घेतो.

बहिणाबाई चौधरी इथे आठवतात, कारण त्यांनी लिहिता येत नसताना हे साधले. तरुणपणी वैधव्य, ओंकार, सोपान, काशी ही तीन मुले, आणि शेती. मुलगा सोपानदेव कवी झाला. आईच्या तोंडची गाणी त्याने आणि घरातल्यांनी टिपून ठेवली होती म्हणून ती राहिली. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि १९५२मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली. यातली गंमत अशी की याच अत्र्यांनी पुढच्याच वर्षी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली. वनमाला आई झाल्या, आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा तो पहिला चित्रपट ठरला. म्हणजे महाराष्ट्राच्या सर्वांत मोठ्या विनोदी लेखकाच्या टेबलावर एका वर्षाच्या अंतराने दोन आया आल्या होत्या. एक माणसाच्या मनाची, पोटाची, ढोंगाची थट्टा करणारी खानदेशातली शेतकरीण, दुसरी कोकणातली साध्वी. त्याने दोघींनाही मनापासून डोक्यावर घेतले. महाराष्ट्राने मात्र चित्रपटाच्या थिएटरात रडून घेतले आणि बहिणाबाईंना सुविचारांच्या फळ्यावर लिहून टाकले. आज आमच्या शाळांच्या भिंतींवर बहिणाबाईंच्या ओळी रंगवलेल्या असतात. त्या तत्त्वज्ञान म्हणून. त्यांतला मिश्कीलपणा रंगवणाऱ्याच्या डब्यात नसतो.

इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख या संदर्भात पुन्हा वाचावा असा आहे. १९४९च्या त्याच नावाच्या संग्रहात तो आहे. बर्लिनची डॉक्टरेट घेतलेली ही विदुषी एका सभेत पाहुणी म्हणून जाते. तिची ओळख अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, अमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते. तिला काहीतरी अपुरे वाटत राहते. पुढे रस्त्याने जाताना शाळकरी पोरांच्या घोळक्यातला एक जण दुसऱ्याला सांगतो की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. आणि परिचय पुरा होतो! स्त्रीवादी मैत्रिणी या शेवटावर नाराज असतात. एवढी शिकलेली बाई अखेर आईपणात विरघळली, अशी त्यांची तक्रार. मला तो लेख तसा वाटत नाही. मान्यवरांनी व्यासपीठावरून, हार घालून जे केले तेच एका शेंबड्या पोराने रस्त्यावर, बोट दाखवून केले. फरक फक्त थाटाचा. इरावतीबाईंनी दोन्ही ओळखी एकाच ओळीत बसवून व्यासपीठाचा सगळा फुगा फोडला आहे. परिपूर्ती हा शब्द त्यांनी हसत वापरला आहे, आणि ते हसू ज्याला ऐकू येत नाही त्याला शरणागती ऐकू येते. तरी हेही सांगायला हवे की हा विनोद सुरक्षित घरातला आहे. त्यात कुणाची चूल विझलेली नाही. शकुंतला परांजपे यांच्या ‘भिल्लिणीची बोरे’मधले लेखही याच जातीचे, आणि एकटीने मुलगी वाढवणाऱ्या, संततिनियमनाचा प्रचार करत गल्लीबोळ फिरणाऱ्या त्या बाईच्या वाट्याला आलेले टोमणे पाहता, त्यात अधिक बोचरे असायला जागा होती असे मला वाटत राहते.

चूल विझलेल्या घरातला विनोद वाचायचा तर फलटणच्या बेबीताई कांबळ्यांकडे जावे. ‘जिणं आमुचं’ १९८६मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याआधी कित्येक वर्षे त्यांनी ते नवऱ्यापासून लपवून लिहिले होते. महारवाड्यातली उपासमार, अंगात येणाऱ्या सासवा, सुनांचे हाल हे सारे त्या सांगतात आणि मधूनच असा काही टोला देतात की आधी हसू येते आणि मग आपण कशाला हसलो ते कळून मान खाली जाते. देवभोळेपणावर आतून, त्याच वस्तीतून, त्याच बायांच्या बोलीत केलेली ही थट्टा आहे. बाहेरच्याने केली असती तर ती क्रूर ठरली असती. दलित आत्मकथनांवरच्या चर्चेत ‘दाहक’ हा शब्द इतक्या वेळा येतो की त्यांतले हसू शोधायला कुणाला सवडच राहत नाही. लक्ष्मीबाईंना ‘साधेपणा’ चिकटला, बेबीताईंना ‘दाहकता’. दोन्ही विशेषणांनी काम एकच केले.

वणीला आपल्या वक्तृत्वाचा अभिमान आहे. लोकनायक बापूजी अणे इथे जन्मले, आणि प्राचार्य राम शेवाळकरांची वाणी लोकमान्य टिळक महाविद्यालयाच्या आवारात वर्षानुवर्षे घुमली. आमच्या गावाने ऐकण्याचे शिक्षण चांगले घेतलेले आहे. तरी बाईने कुरडया घालताना टाकलेले वाक्य ऐकून टिपून ठेवावे असे आमच्यापैकी कुणाला कधी सुचले नाही. मलाही या उन्हाळ्यापर्यंत नाहीच. खाणीच्या पाळीवरून येणाऱ्या नवऱ्यासाठी डबा झाकून ठेवणाऱ्या, रंगनाथ स्वामींच्या जत्रेत बैलांच्या बाजारात पोर हरवून ते परत सापडल्यावर आधी त्याला मारून मग पेढा देणाऱ्या बायांकडे केवढा माल पडून आहे! तो माल त्यांच्याबरोबर जातो.

एकदा मात्र तो आमच्या जिल्ह्यातच, भर मंचावरून ऐकू आला. ११ ते १३ जानेवारी २०१९ या दिवसांत यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अरुणा ढेरे अध्यक्ष होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतले गेले, त्यावरून व्हायचे तेवढे रण झाले, आणि अखेर उद्घाटक म्हणून उभ्या राहिल्या वैशाली येडे. कळंब तालुक्यातल्या राजूर गावच्या, शेतकरी नवऱ्याने आत्महत्या केल्यावर मुले आणि संसार एकटीने ओढणाऱ्या. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात त्यांनी काम केले होते. त्या नाटकात शेतकरी विधवाच आपली कथा रंगमंचावर मांडतात.

मंडपात सगळ्यांनी मनाची तयारी केली होती. आता ही बाई रडणार, आपण रडणार, मग पुढचा कार्यक्रम. वैशालीताई आपल्या बोलीत बोलायला लागल्या. आपल्या नवऱ्याच्या जाण्याचे कारण त्यांनी साधारण असे सांगितले, की या जन्मी शेतकऱ्याच्या घरी आलो, पुढच्या जन्मी अदानी-अंबानी होऊ अशा आशेने तो गेला. आपला मात्र पुनर्जन्मावर विश्वास नाही, म्हणून आपण इथेच राहून लढतो आहोत.

मी हे पुन्हा पुन्हा ऐकले आहे. यात नवऱ्याच्या मरणाची थट्टा आहे, देशाच्या अर्थव्यवस्थेची आहे, परलोकाची आहे आणि समोर हातरुमाल काढून बसलेल्या रसिकांचीही आहे. एवढे सगळे दोन-तीन वाक्यांत, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता. कोल्हटकरांपासून पु. लं.पर्यंतच्या परंपरेत याला तोड शोधायला बराच वेळ लागेल. आणि याची रचना अगदी लक्ष्मीबाईंची आहे. एका वाक्यात नवऱ्याची उंच कल्पना, दुसऱ्यात घरातली डबी, आणि मध्ये स्पष्टीकरणाचा एक शब्दही नाही. मला मोठ्याने हसू आले. बाजूच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी रागाने माझ्याकडे पाहिले. मंचावर वैशालीताई पुढच्या मुद्द्यावर गेल्या होत्या, त्यांना पोरांबद्दल बोलायचे होते.